डोळ्यातल्या पाण्याची वाट

श्रोतेहो, इतिहास म्हटला की आपल्यापुढे गड येतात, लढाया येतात, तहनामे येतात. मी इतिहासाचा शिक्षक. वर्गात मीही तेच शिकवतो. पण आज मी तुम्हाला एका अगदी लहान वाटेचा इतिहास सांगणार आहे. ही वाट मोजून दीड इंचाहून फारशी लांब नाही. ती तुमच्या चेहऱ्यातच आहे, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. डोळ्यातले पाणी ह्या वाटेने नाकात उतरते.

ही वाट कुठे आहे ते आधी पाहू. घरी आरसा असेल तर उजेडात उभे राहा आणि खालची पापणी बोटाने किंचित बाहेर ओढा. नाकाच्या बाजूच्या कोपऱ्याजवळ, पापणीच्या काठावर, सुईच्या टोकाएवढे एक छिद्र दिसेल. तसेच एक वरच्या पापणीलाही असते. डोळ्याच्या वर, बाहेरच्या अंगाला, अश्रू तयार करणारी ग्रंथी आहे. तिचे पाणी बुबुळावरून पसरते, बुबुळ ओले आणि स्वच्छ ठेवते, आणि उरलेले ह्या दोन छिद्रांतून आत जाते. पुढे दोन बारीक नळ्या, त्यांच्यापुढे नाकाच्या मुळाशी एक छोटी पिशवी, आणि पिशवीच्या खाली हाडातून उतरणारी नळी. ही नळी नाकपुडीच्या आत उघडते. पिशवीला अश्रुकोश म्हणतात आणि खालच्या नळीला अश्रुनलिका.

म्हणूनच माणूस रडू लागला की नाकही वाहू लागते. डोळ्यात औषधाचा थेंब टाकला की थोड्या वेळाने घशाशी कडू लागते, त्याचेही कारण हेच. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हा प्रयोग मुलांना जरूर सांगावा. आपल्याच शरीरातला हा पाट पाहून मुलांना मोठे नवल वाटते.

आता शेतकऱ्याला हे निराळे सांगावयास नको की पाट तुंबला म्हणजे काय होते. वरून पाणी येतच असते. खाली जायला वाट नसते. मग ते काठावरून फुटते. अश्रुनलिका तुंबली की डोळा सारखा वाहतो. आणि जे पाणी साचते ते कुजते. पिशवीत पू होतो, नाकाच्या मुळाशी गाठ येते, दाबली की छिद्रातून घाण वर येते. कधी ती गाठ फुटून कातडीला कायमचे भोक पडते. आपल्याकडे ह्या दुखण्याला लासरू म्हणतात, कोणी नासूर म्हणतात. बायकांना हे दुखणे अधिक होते. त्यांच्या चेहऱ्यातला हाडाचा मार्ग मुळातच अरुंद असतो, हे त्याचे एक कारण सांगतात.

मी डॉक्टर नाही. मग ह्या विषयात मी का पडलो? त्याला माझी थोरली आत्या कारण आहे.

आत्याचा डावा डोळा वीस वर्षे वाहत होता. सदा पदर डोळ्याला. लग्नकार्यात बायका म्हणायच्या, "हिला मेलीला आनंदातसुद्धा रडू येतं." कोणी शुभकार्यात तिला पुढे होऊ देत नसे. तिने त्याचे कधी वाईट वाटून घेतले नाही, निदान तसे दाखवले नाही. पुढे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. तालुक्याला नेत्रशिबिर होते, तिथे तिला नेले. डॉक्टरांनी नाकाच्या मुळाशी बोट दाबून पाहिले, छिद्रातून पिचकारीने पाणी सोडून पाहिले आणि म्हणाले, "आधी लासरूचे ऑपरेशन करावे लागेल, मग मोतीबिंदू." आमच्या घरच्या मंडळींना ते पटले नाही. "आम्ही डोळा दाखवायला आणला, हे नाकाशी कशाला चिरतात?" असे म्हणून तिला परत आणले. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. आम्हाला ठाऊक नव्हते, एवढेच.

दोन वर्षांनी, १९९१ च्या सुगीत, खळ्यावर जोंधळ्याचे कुसळ उडून तिच्या त्याच डोळ्यात गेले. तसे ते कोणाच्याही डोळ्यात जाते. पण तिच्या डोळ्याशेजारी वीस वर्षांचा पू साचलेला होता. बुबुळावर ओरखडा उठला आणि त्यातून जंतू आत शिरले. आठ दिवसांत बुबुळ पांढरे पडले. डोळा गेला. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. डॉक्टर माझ्या वडिलांना म्हणाले, "कुसळाने नाही गेला हो डोळा, लासरूने गेला." ते वाक्य माझ्या मनात राहिले. पुढे इतिहास शिकलो, तेव्हा ह्या दुखण्याचा इतिहास शोधावासा वाटला. जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ही की हे दुखणे फार जुने आहे आणि जुन्या वैद्यांनी ते ओळखले होते. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याचे ७६ रोग सांगितले आहेत. त्यांपैकी नऊ डोळ्याच्या सांध्याचे, म्हणजे कोपऱ्यांचे आणि कडांचे. त्यांत 'पूयालस' नावाचा एक रोग आहे: सांध्याशी सूज येते, पिकते, आणि दाट, दुर्गंधी पू वाहतो. आजचे अभ्यासक तो आपल्या लासरूशी जुळवतात. त्यावर शीर तोडून रक्त काढणे, पोटीस बांधणे आणि औषधे घालणे हे उपाय दिले आहेत. विशेष हे, की तिथे 'अश्रुमार्ग' हा शब्दच आला आहे, आणि वाहत्या डोळ्याच्या रोगांना कोणी 'नेत्रनाडी' म्हणतात असाही उल्लेख आहे. डोळ्यातल्या पाण्याला काही वाट आहे, ही कल्पना आपल्या पूर्वजांना होती.

तिकडे रोममध्ये, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, केल्सस नावाच्या लेखकाने वैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात ह्या नासुराची शस्त्रक्रिया दिली आहे. ती ऐकून अंगावर काटा येतो. नासुराचे तोंड आकड्याने उचलायचे, हाडापर्यंत कापून काढायचे, डोळा नीट झाकायचा, आणि मग तापलेल्या लोखंडाने हाड डागायचे. भूल नाही, गुंगी नाही. इसवी सन १००० च्या सुमारास स्पेनमधील कॉर्दोबाचा प्रख्यात अरबी शस्त्रवैद्य अल् झह्रावी यानेही डागण्याचा उपाय लिहिला. आणि त्याने गुण न आला तर हाडाला नाकाकडे भोक पाडावे असेही सांगितले.

हे उपाय क्रूर वाटतात. पण जरा विचार करा. हाड डागले, भोक पडले, तर पू नाकात उतरायला नवी वाट मिळे आणि काही रोग्यांना आराम पडत असे. म्हणजे योग्य उपायाच्या अगदी जवळ हे लोक आले होते. मग तो सापडला का नाही? कारण सोपे आहे. आपण काय करतो आहोत, हेच त्यांना नीट ठाऊक नव्हते. सडलेले हाड जाळून टाकावयाचे, एवढीच त्यांची समजूत होती. पाण्याची वाट मोकळी करावयाची आहे, हे मनात नव्हते. दुखण्याचे कारण कळल्यावाचून केलेला उपाय बरोबर ठरला तरी तो योगायोग असतो. पुढच्या रोग्याला त्याची खात्री देता येत नाही.

अश्रू मुळात येतात कोठून, हाही घोळ होता. ते मेंदूतून झिरपतात असे युरोपात पुष्कळांना वाटे. १६६२ साली नील्स स्टेन्सन ह्या तरुण डॅनिश अभ्यासकाने अश्रुग्रंथीच्या नळ्यांचे वर्णन छापले आणि अश्रू ग्रंथीतून येतात हे दाखवले. हाच पुढे स्टेनो ह्या नावाने भूगर्भशास्त्रात प्रसिद्ध झाला. १७०२ मध्ये जर्मनीतील गेओर्ग स्टाल याने सांगितले की नासुराचे मूळ अश्रुकोशाच्या सुजेत आहे. उगम कळला, रोगाचे ठिकाण कळले. आता तुंबलेली वाट मोकळी करणे, हा पुढचा विचार आपोआपच आला.

तो पहिल्यांदा नीट अमलात आणला दोमिनिक आनेल ह्या फ्रेंच शस्त्रवैद्याने. तो इटलीत काम करीत होता. १७१३ साली तुरीन येथे त्याने आपली पद्धत छापली. पापणीवरच्या त्या इवल्या छिद्रातून अतिशय बारीक सळई आत घालायची आणि बारीक पिचकारीने पाणी सोडून मार्ग धुवायचा. चिरणे नाही, डागणे नाही. शरीराने स्वतःच केलेल्या दारातून आत जायचे! माझ्या आत्याच्या डोळ्यात शिबिरातल्या डॉक्टरांनी जी पिचकारी मारली, तिची जुनी पिढी ही.

त्यानंतर दीडशे वर्षे दोन मते चालली. एक मत वाट उघडू पाहणाऱ्यांचे. पॅरिसच्या झाँ लुई पेती याने पिशवी बाहेरून उघडून खालच्या नळीत सळई घातली. लंडनच्या विल्यम बोमन याने १८५७ च्या सुमारास पापणीतली नळी थोडी चिरून, क्रमाने जाड होत जाणाऱ्या सळया घालून मार्ग रुंद करण्याची रीत रूढ केली. मूत्रपिंडाच्या अभ्यासात ज्याचे नाव येते तोच हा बोमन. ह्या रीतीला बरीच वर्षे मान होता. पण सळई काढली की नळी पुन्हा आवळे. रोगी महिनोन् महिने दवाखान्यात खेपा घाली. वारंवार टोचून आतले मऊ अस्तर जखमी होई आणि जखम भरताना वाट आणखीच बुजे. गाळाचा पाट काठीने ढोसून ढोसून त्याचे काठच ढासळावेत, तसा हा प्रकार झाला.

दुसरे मत पिशवीच काढून टाकणाऱ्यांचे. अठराव्या शतकात वूलहाउस ह्या इंग्रज नेत्रवैद्याने पिशवी काढून, हाडाला भोक पाडून, त्यात सोन्याची किंवा शिशाची नळी बसवण्याचा मार्ग सुचवला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नुसती पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागली. तिचा गुण खरा होता: पिशवी गेली की पू गेला, बुबुळावरचे संकट टळले. पण वाट कायमची बंद. डोळा जन्मभर वाहतच राहायचा. रोग गेला, पण पदर डोळ्यावरून हटला नाही.

आणि मग १९०४ साल आले. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी अद्देओ तोती नावाचा नेत्रवैद्य होता. त्याने विचार केला तो साधा होता, पण तसा तोवर कोणी रुजवला नव्हता. खालची नळी तुंबली आहे ना? असू द्या. वरच्या दोन बारीक नळ्या चांगल्या आहेत, पिशवीही आहे. पिशवी आणि नाक ह्यांच्यामध्ये आहे काय? एक हाड, आणि तेही काही ठिकाणी कागदासारखे पातळ. मग पिशवीलाच थेट नाकात दार उघडून दिले तर? त्याने नाकाच्या बाजूला चीर घेतली, मधले हाड काढले, पिशवीची नाकाकडची भिंत आणि त्यासमोरचे नाकाचे अस्तर काढले. तुंबलेली नळी जागच्या जागी राहिली आणि पाणी वरूनच नाकात उतरू लागले. पाटात दगड अडकला तर आपण काय करतो? दगड फुटत नसेल तर त्याच्या वर बांध फोडून नवी चारी काढतो. तोतीने हेच केले.

हे १९०४ मध्येच का शक्य झाले, हेही इतिहासाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १८४६ मध्ये ईथरची भूल जगापुढे आली. १८६७ मध्ये लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत मांडली. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर याने कोकेनने डोळा बधिर करता येतो हे दाखवले. ह्या तीन गोष्टी नसत्या तर तोतीची कल्पना कागदावरच राहिली असती. एका माणसाचे नाव आपण घेतो, पण त्याच्या खांद्यामागे अनेकांचे हात असतात.

तोतीचे दार मात्र पुष्कळदा पुन्हा बुजत असे. ह्यावर १९२० च्या सुमारास पॅरिसच्या द्युपुई-दुताँ आणि बूर्गे ह्या दोघांनी उपाय काढला. त्यांनी पिशवीचे अस्तर आणि नाकाचे अस्तर कापून टाकण्याऐवजी त्यांचे पदर करून एकमेकांना शिवले. आपण कापडाच्या दोन कडा दुमडून शिवतो ना, तसे. कडा उघड्या राहिल्या नाहीत, म्हणून दार बुजेना. आज बाहेरून जी शस्त्रक्रिया करतात तिचा पाया हाच आहे, आणि ती दहांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक रोग्यांना गुण देते.

ह्याच काळात दुसरा एक प्रवाह होता. चेहऱ्यावर चीर कशाला, नाकातूनच जाऊ, असे काही जण म्हणत. न्यूयॉर्कच्या कॉल्डवेलने १८९३ मध्येच, म्हणजे तोतीच्याही आधी, हा प्रयत्न केला होता. पण नाकाची जागा अरुंद, रक्तस्राव फार, आणि आत उजेड नाही. त्यामुळे ही रीत मागे पडली. पुढे नाकात घालून आतले स्वच्छ दाखवणारी दुर्बीण निघाली, आणि १९८९ मध्ये मॅक्डोना आणि मीरिंग ह्यांनी तिच्या साहाय्याने केलेल्या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त छापला. आज ही रीतही चांगली रुजली आहे. चेहऱ्यावर व्रण राहत नाही. ज्यांच्या पापणीतल्या नळ्याच बुजल्या आहेत, त्यांच्यासाठी अमेरिकेच्या लेस्टर जोन्स याने १९६२ मध्ये काचेची बारीक नळी बसवण्याची युक्ती प्रसिद्ध केली. कधी नवी वाट भरेपर्यंत तीत सिलिकोनची मऊ नळी काही आठवडे ठेवतात.

आता थोडे तान्ह्या मुलांबद्दल. पुष्कळ बाळांचा डोळा जन्मापासून चिकटतो, वाहतो. त्यांच्या नळीच्या खालच्या टोकाला एक पातळ पडदा असतो, तो जन्माच्या वेळी उघडायचा राहून जातो. १९२३ साली क्रिग्लर ह्या डॉक्टरने ह्यावर सोपा उपाय लिहिला: स्वच्छ बोटाने नाकाच्या मुळाशी पिशवीवर हलका दाब देत खाली उतरायचे. दाबाने तो पडदा उघडतो. अशा दहांतल्या नऊ बाळांचा डोळा वर्षाच्या आत आपोआप किंवा एवढ्यानेच बरा होतो. उरलेल्यांना डॉक्टर बारीक सळई घालून वाट उघडून देतात. दाब कसा द्यायचा हे एकदा डॉक्टरांकडून किंवा परिचारिकेकडून शिकून घ्या. डोळ्यात काजळ, दूध, मध असले काही घालू नका. आणि एक ध्यानात ठेवा: बाळाचे बुबुळ मोठे किंवा धुरकट दिसत असेल, उजेडात ते डोळे मिटून घेत असेल, तर वाट पाहू नका. ते निराळे आणि गंभीर दुखणे असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मोठ्या माणसांविषयीही सांगतो. वाहणारा प्रत्येक डोळा लासरूचाच असतो असे नाही. धूळ, धूर, आत वळलेली पापणीची केसे, अशी इतर कारणेही असतात. पण एकच डोळा महिनोन् महिने वाहत असेल, कोपऱ्याशी दाबल्यावर घाण येत असेल, तर नेत्रतज्ज्ञाला दाखवा. गाठ सुजून लाल झाली, ताप आला, तर ती घरी फोडू नका, न्हाव्याकडून किंवा भोंदूकडून फोडवू नका. आणि मोतीबिंदूच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले की आधी लासरू पाहू, तर त्यांच्यावर रागावू नका. पुवाने भरलेल्या पिशवीशेजारी डोळा उघडला तर जंतू आत शिरतात आणि होती ती दृष्टीही जाते. पाटात घाण असताना विहीर उपसण्यासारखे ते आहे. फार वयस्क, थकलेल्या माणसाला नवी वाट करणे झेपणार नसेल तर डॉक्टर आजही नुसती पिशवी काढतात. त्याने पाणी थांबत नाही, पण डोळा वाचतो.

श्रोतेहो, तोतीने फ्लॉरेन्समध्ये दार उघडले ते १९०४ साली. आत्याचा डोळा गेला १९९१ साली. मधे ८७ वर्षे गेली. ह्या ८७ वर्षांत उपाय होता, तो करणारे डॉक्टर होते, शिबिर तर आमच्या तालुक्यापर्यंत आले होते. राहिले होते ते फक्त तालुका ते आमचे घर एवढे अंतर. ते अंतर रस्त्याचे नव्हते, समजुतीचे होते. डॉक्टरांनी सांगितलेले एक वाक्य घरात कोणी नीट समजावून दिले असते तर आत्याने पुढची पंधरा वर्षे दोन्ही डोळ्यांनी नातवंडे पाहिली असती.

ते अंतर तोडण्याचे काम आता तुमचे-माझे आहे. शिक्षकांनी वर्गात आरसा नेऊन ते छिद्र मुलांना दाखवावे. मूल घरी जाऊन आजीच्या डोळ्याकडे नीट पाहील. आणि तुमच्या आळीत एखादी बाई सदा पदराने एकच डोळा पुसताना दिसली, तर तिला रडवी म्हणू नका. तिच्याशेजारी बसा आणि विचारा, "बाई, किती दिवस झाले हा डोळा वाहतोय? चला, एकदा दाखवून येऊ." आमच्या आत्याला हे विचारणारे कोणी भेटले नाही.